सिरिलचा फ्रीज

कॉडनर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
६ ऑक्टोबर १९९६

ॲम्ब्या,

जिवंत आहेस ना? वाढदिवसाला कार्ड नाही, खुशालीचं पत्र नाही. ऑन्टॅरिओत गेलं की माणूस बहिणीला विसरतो असं आई म्हणायची, ते खरंच म्हणायचं. असो. गरज माझी आहे, म्हणून मीच लिहिते.

फ्रीज बिघडलाय. तोच, माझ्या सिरिलने मासळीच्या त्या चांगल्या हंगामात हौसेने घेतलेला आणि तू बोटीतून आणून बसवलेला. दूध लगेच फाटतं. लोणी इतकं मऊ की बोटाने सारवावं. खाऱ्या मांसाची अख्खी हंडी परवा उकिरड्यावर गेली, जीव हळहळला माझा. मोटर चालू असते, घरघर ऐकू येते. म्हणजे माझ्या एका कानाला जेवढं येतं तेवढं. आणि फोन करू नकोस. फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही आणि मी आपली 'हो हो' म्हणत राहते. लिहून पाठव, म्हणजे कागद समोर ठेवून एकेक करीन. जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केलेस, आता बहिणीचा कर.

आणखी एक. सकाळी उठून बघते तर फ्रीजचं दार किलकिलं असतं. चार बोटं आत जातील एवढं. म्हातारीला भूल पडते म्हणशील, म्हणून आधीच सांगते, निजायला जाताना मी ते लावते आणि तळहाताने दाबून बघते.

एरवी मी म्हटलं असतं, शेजारची ब्राइड येऊन दूध घेऊन गेली असेल. आपल्याकडे दार कोण वाजवतं? सरळ आत यायचं, हवं ते घ्यायचं, चहा पिऊन जायचं. दार वाजवतो तो परका. पण मतदान झाल्यापासून या घरात कुणी पाऊल टाकलेलं नाही. सगळ्यांनी गाव सोडायला 'हो' म्हटलं, मी एकटीने 'नाही'. एकमत झाल्याशिवाय सरकार कुणालाच खाडीपलीकडे घर देत नाही, त्यामुळे माझ्या एका 'नाही'वर सगळं गाव अडकून बसलंय. ब्राइड रस्त्यात दिसते आणि मान खाली घालून निघून जाते. तिचा नवरा गस टपालाची बोट घेऊन येतो, तर माझी पत्रं कुंपणाच्या खांबाला अडकवतो. घरात येत नाही. वाईट वाटतं रे. लहानपणापासूनची माणसं ही.

पण माझं म्हणणं तुला माहीत आहे. सिरिल बुडाला, पण त्याचं शरीर सापडलं नाही. ज्याला माती मिळाली नाही त्याने परत यायचं तर कुठे? याच घरी, याच खिडकीतल्या दिव्यावर नजर ठेवून. मी पलीकडे जाऊन सरकारी खोलीत बसले, तर त्याला पत्ता कोण सांगणार? हस, खुशाल हस.

फ्रीजचं मात्र लवकर कळव.

मेना


गॉल्ट, ऑन्टॅरिओ
१५ ऑक्टोबर

मेना,

हसलो नाही. जरासा हसलो, पण सिरिलला नाही, तुझ्या लोण्याला.

आता नीट वाच. फ्रीज गार होत नाही म्हटलं की लोक गॅस गेला, मोटर गेली म्हणून बोंब मारतात. निम्म्या वेळा तसं काही नसतं. मोटर घरघरतेय म्हणजे बरंच शाबूत आहे. आधी फ्रीज भिंतीपासून पुढे ओढ. एकटीने नको, गसला हाक मार, रुसला असला तरी तेवढं करील. मागे काळ्या नळ्यांची जाळी दिसेल. तिच्यावर धूळ आणि मांजराचे केस साचले की उष्णता बाहेर पडत नाही आणि आत गारवा राहत नाही. ब्रश मारून साफ कर.

मग दाराचं रबर. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लाव आणि पट्टी ओढ. घट्ट बसली तर रबर ठीक. अलगद सुटून आली तर तिथून हवा जाते. चारी बाजूंनी बघ, एकाच कोपऱ्यात बघून मोकळी होऊ नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

आतला दिवाही बघ. दार लावल्यावर तो विझतो की नाही? चौकटीतलं बटण दाबून खात्री कर. दिवा पेटलेलाच राहिला तर आत छोटी शेगडी ठेवल्यासारखं होतं.

शेवटचं, तापमान. नुसतं यंत्र फळीवर ठेवून काही कळत नाही, दार उघडलं की आकडा हलतो. काचेचा पेला काठोकाठ पाण्याने भर, त्यात तापमापक बुडव, मधल्या फळीवर ठेव आणि रात्रभर हात लावू नकोस. सकाळी चार अंशांच्या आसपास हवं.

दार उघडं राहण्याचं कारण यातच सापडेल. गाव सोडायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी इतक्या लांबून शहाणपणा शिकवणार नाही. पण मेना, थंडी तोंडावर आली आहे. निदान ब्राइडशी तरी बोल.

ॲम्ब्रोज


कॉडनर्स कोव्ह
२२ ऑक्टोबर

ॲम्ब्या,

गसला हाक मारली नाही. माझ्या हातापायांना काय धाड भरलीय? एकटीनेच ओढला. गंमत म्हणजे लोण्यासारखा सरकला. जागेवरून हलवला मात्र, की आपणच पुढे यायला लागला. मलाच त्याला पोटाने अडवावं लागलं. बसवलास तेव्हा तू आणि सिरिल दोघे किती कण्हत होतात, आठवतंय?

नळ्यांवर धूळ होती, साफ केली. आणि मागे काय सापडलं सांगू? सिरिलचा हातमोजा. मी विणलेला, अंगठा आणि पहिलं बोट वेगळं असलेला, बंदुकीचा चाप ओढता यावा म्हणून. एकच. डावा. आणि ॲम्ब्या, तो ओला होता. पिळला तर पाणी ठिबकलं. बारा वर्षं हरवलेला मोजा ओला कसा?

फ्रीजच्या समोर फरशीवर पाणीही होतं, थोडंसं. पुसायला गेले, बोट लागलं, सहज जिभेवर टेकवलं. खारट.

तू सांगितलेलं सगळं केलं. दिवा विझतो. पट्टी खालच्या बाजूला घट्ट बसते, वरच्या कोपऱ्यात अलगद निघते. पेल्यातलं पाणी सकाळी अकरा अंश. दार किलकिलं होतंच.

आता तुला जे सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही. सिरिलला फ्रीज उघडा ठेवून उभं राहायची खोड होती. पहाटे मासेमारीला निघायच्या आधी दारावर कोपर टेकवून उभा राहायचा, कधी दुधाची बाटली तोंडाला, कधी मनुकांच्या पुडिंगचा तुकडा हातात, आणि खिडकीतून समुद्र बघत बसायचा. मी अंथरुणातूनच ओरडायची, "दार लाव रे, सगळा गारवा चाललाय!" तो म्हणायचा, "लावतो गं बाई," आणि लावायचा. रोज. लग्नाची सगळी वर्षं हेच संभाषण. त्यामुळे आता सकाळी ते दार उघडं दिसलं की मला भीती वाटत नाही. बरं वाटतं. तुला हे चमत्कारिक वाटेल. वाटू दे.

मेना


गॉल्ट
२९ ऑक्टोबर

मेना,

पत्र दोनदा वाचलं. लोरेटालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताबडतोब उत्तर लिही." म्हणून जेवण बाजूला ठेवून बसलोय.

मोजा ओला असण्यात काही जादू नाही. फ्रीजच्या मागे खाली एक पसरट ताटली असते, आतल्या बर्फाचं पाणी वितळून तिच्यात येतं. ताटली तिरकी झाली की पाणी सांडतं. मोजा तिच्याजवळ पडला होता, भिजला. समोरचं पाणी खारट, कारण खालच्या फळीवर तू खाऱ्या मांसाची बादली ठेवतेस. ठेवतेस ना? झाकण न लावता? मग! बादली हिंदकळली, खारं पाणी बाहेर आलं. एवढंच. समुद्राचं पाणी तुझ्या स्वयंपाकघरात येण्याइतका समुद्र वेडा झालेला नाही.

आता दाराचं. फ्रीज पुढे कलला आहे. पट्टी वरून सुटते, हलवला की आपणच पुढे येतो, बादलीतलं पाणी पुढे सांडतं, सगळं तेच सांगतंय. फ्रीज नेहमी किंचित मागे झुकलेला हवा, म्हणजे दार सोडलं की आपल्या वजनाने लागतं. पुढे झुकला की तेच वजन दार उघडतं. जुन्या रबरात आता जोर उरला नाही, ते धरून ठेवत नाही. खाली पुढच्या बाजूला दोन पाय आहेत, आट्यांचे. पान्याने फिरवून उंच कर. पुरलं नाही तर लाकडाच्या पातळ चिपा सरकव. दार अर्धं उघडून सोड, आपणच लागलं पाहिजे.

एक विचारतो, रागावू नकोस. तू झोपेत तर उठत नाहीस ना? लोरेटाची मावशी एकटी राहायला लागली आणि असंच करायची. घरातल्या वस्तू हलवायची आणि सकाळी तिला काही आठवायचं नाही. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला एकदा दाखवून ये. माझ्या समाधानासाठी. तू तिथे एकटी आहेस या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय.

ॲम्ब्रोज


कॉडनर्स कोव्ह
१४ नोव्हेंबर

ॲम्ब्रोज,

(बघ, पूर्ण नाव लिहिलंय. समजून घे.)

मला वेड लागलेलं नाही. तुझ्या बायकोच्या मावशीला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं तुम्ही तुमच्या वस्तू हलवा, मी माझ्या हलवत नाही. झोपताना मी फ्रीजसमोर फरशीवर पीठ भुरभुरलं. सकाळी दार उघडं, आणि पिठावर माझ्या पावलाची खूण नाही. कुणाच्याच नाही.

मग फ्रीजचे पाय उंच केले. चिपाही घातल्या. दार छान लागायला लागलं, सोडलं की आपणच फट्‌कन बंद. दूध टिकलं, लोणी कडक. मी तुझं कौतुकही केलं मनात. आणि खोटं कशाला बोलू, मला रडूही आलं. सकाळी उठायची, दार बंद बघायची आणि वाटायचं, घालवलं मी त्याला. चार चिपा घालून हाकलून दिलं.

मग ते वादळ आलं. समुद्र थेट घराच्या पुढच्या खांबांपर्यंत चढला, धक्क्याच्या दोन फळ्या गेल्या. दुसऱ्या सकाळी दार पुन्हा उघडं! मी आणखी चिपा घातल्या, मुद्दाम, तुझ्या शब्दाखातर. दोन दिवस बंद, मग पुन्हा उघडं. आता माझ्याकडच्या चिपा संपल्या आणि मला आणखी शोधायच्याही नाहीत.

आता रोज रात्री मधल्या फळीवर मनुकांच्या पुडिंगची बशी ठेवते. सकाळी ती फळीच्या अगदी पुढच्या काठाशी आलेली असते. कुणीतरी ओढून घेतल्यासारखी. खात नाही. नुसती ओढतो. तुझा पाण्याचा पेला अजून आतच आहे, त्यातलं पाणीसुद्धा दाराच्या बाजूला काठाला टेकतं आणि मागच्या बाजूला बोटभर खाली राहतं.

आणि नुसता फ्रीज नाही ॲम्ब्या, सगळं घर त्याची वाट बघतंय. भिंतीवरची येशूची तसबीर, तीही खालून भिंतीपासून सुटून पुढे आली आहे, खिडकीतून बघायला वाकल्यासारखी. पाव भाजते तर समुद्राकडची बाजू फुगते, दुसरी बसते. जपमाळ टेबलावरून घरंगळते ती नेहमी खिडकीकडे. बेडरूमचं दार माझं मलाच धरून ठेवावं लागतं. सगळं समुद्राकडे चाललंय. तो जवळ आलाय, मला माहीत आहे. आता तर या घरातून मला कुणी ओढून काढू म्हणेल तरी मी निघणार नाही.

मेना


गॉल्ट
२२ नोव्हेंबर

मेना,

हे पत्र वाचत असशील तर वाचता वाचता उभी राहा. कोट घाल. दाराबाहेर ये. बाकीचं ब्राइडच्या स्वयंपाकघरात बसून वाच.

फ्रीज कललेला नाही. घर कललंय.

मी मूर्ख. पेल्यातल्या पाण्याचं वाचेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पाणी नेहमी सपाट राहतं, पेला तिरका होतो. फ्रीज पुढे, तसबीर पुढे, पाव पुढे, बशी पुढे, म्हणजे जमीनच पुढे! घर उभं आहे खांबांवर, पुढचे खांब किनाऱ्याच्या गोट्यांत रोवलेले, आणि वादळाने त्यांच्या बुडाची माती खाल्ली आहे. तू चिपा घालत राहतेस आणि घर आणखी खाली जातंय. तू घराचा कल मोजतेयस, मेना, रोज सकाळी मोजतेयस आणि तुला ते सिरिल वाटतंय.

गसला फोन लावतोय, लागत नाही, वादळात तार तुटली म्हणतात. पोलिसांना फोन केला, ते म्हणाले, हवा सुधारली की बोट पाठवू. म्हणून हे पत्र, सगळ्यात जलद टपालाने. बापाच्या वेळी लोकांनी घरं ओंडक्यांवर चढवून खाडीपार तरंगवत नेली, आठवतं? तुझं घर कुणाला न विचारताच निघालंय.

दिवा सोड, फ्रीज सोड, मोजाही सोड. तुझ्या पाया पडतो. बाहेर पड.

ॲम्ब्या


गॉल्ट
१ डिसेंबर

मेना,

काही कळत नाही. फोन अजून बंद. पोलीस म्हणतात बोट अर्ध्यातून परतली. मी आणि लोरेटा रोज दाराशी उभे राहून टपालवाल्याची वाट बघतोय. एक ओळ लिही. नुसतं नाव लिही.

ॲम्ब्या


ब्राइडच्या घरातून, कॉडनर्स कोव्ह
३ डिसेंबर

ॲम्ब्या,

आहे मी. रडू नकोस. तू रडतोयस हे मला इथून दिसतंय.

घर गेलं.

सांगते. गुरुवारी सकाळी गसने तुझं पत्र कुंपणाला अडकवलं. मी ते आणून एप्रनच्या खिशात टाकलं, उघडलं नाही. हातांना पीठ होतं, पाव मळत होते. म्हटलं, मळून झालं की निवांत वाचीन. तुझं 'उभी राहा, कोट घाल' माझ्या पोटाशी होतं आणि मी पीठ तिंबत होते.

आणि दार वाजलं.

तीन वेळा. बाहेरच्या दारावर, माणसाच्या मुठीने वाजवावं तसं. या दारावर आयुष्यात एकदाच कुणी वाजवलं होतं, सिरिलची बोट रिकामी सापडली म्हणून सांगायला पोलीस आला तेव्हा. पुन्हा वाजलं. तीन वेळा. माझ्या बहिऱ्या कानालाही ऐकू आलं, बघ.

मी तशीच पिठाच्या हाताने गेले. दार ओढलं तर निघेना, चौकटीत आवळलेलं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा निघालं. बाहेर कुणी नाही. पायरीवर ओलं होतं, पण तेव्हा सगळंच ओलं होतं. कुंपणाचं फाटक हलत होतं, आत्ताच कुणी बाहेर गेल्यासारखं. मला राग आला. म्हटलं, वाजवून पळून जायला काय पोरं आहात? ब्राइडच गावाच्या वतीने काही सांगायला आली असेल, रुसली म्हणून परक्यासारखं वाजवलं असेल. मी फाटकापर्यंत गेले, फाटकाच्या बाहेर गेले, वाटेवर इकडे तिकडे बघितलं.

मागे आवाज झाला. मोठा नाही. वळून बघितलं तर घर खाली बसत होतं. गाय गुडघे टेकते ना, तसं पुढून आधी. मग मागचं वर उचललं गेलं आणि सगळं हळूहळू गोट्यांवरून पाण्यात सरकलं. खिडकीतला दिवा तार तुटेपर्यंत पेटलेला होता.

ब्राइड धावत आली. शाल काढून माझ्या अंगावर घातली. मी विचारलं, "तू वाजवलंस का गं दार?" ती म्हणाली, "मी कशाला वाजवू? तुझ्या घरात मी आयुष्यात कधी दार वाजवून आलेय?" मग आम्ही दोघी वाटेवरच बसून रडलो.

गसने दुसऱ्या दिवशी होडीतून जाऊन बघितलं. घर कंबरभर पाण्यात तिरकं उभं आहे. स्वयंपाकघर दिसतं म्हणाला. फ्रीज उभाच आहे आणि त्याचं दार सताड उघडं.

तुझं पत्र ब्राइडच्या चुलीजवळ बसून वाचलं. बरोबर होतं तुझं. सगळं बरोबर होतं.

मेना


गॉल्ट
१२ डिसेंबर

मेना,

पत्र आलं तेव्हा लोरेटा अंगणात ओरडली, शेजारी धावून आले. तू आहेस. बास. दुसरं काही नको.

दार वाजण्याचं सांगतो, म्हणजे तुझ्या मनात किंतु राहायला नको. ते खांब होते. भार एका बाजूला आला की लाकूड मोडायच्या आधी तडकतं, ठक्‌, ठक्‌, ठक्‌. पोकळ फरशीखालून तो आवाज दारावर वाजवल्यासारखाच येतो. दार आवळलं होतं तेही चौकट वाकल्यामुळे. फाटक वाऱ्याने हललं. मी गोदामाच्या कामावर असताना हे कानांनी ऐकलंय. देवाची कृपा की तू बाहेर गेलीस. पण ते लाकूड होतं, मेना.

आता तरी 'हो' म्हण. पलीकडे खोली मिळाली की मी स्वतः येईन आणि नवीन फ्रीज माझ्या हाताने बसवीन. पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध आणून.

ॲम्ब्या


ब्राइडच्या घरातून
२ जानेवारी १९९७

ॲम्ब्या,

लाकूड तर लाकूड. तू शिकलेला आहेस, मी वाद घालत नाही. दार आवळलं होतं, खांब तडकत होते, सगळं मान्य.

पण मी इथे चुलीजवळ बसून बसून एकच गोष्ट घोळवतेय. इतके दिवस मी त्याच्या येण्याचा अर्थ उलटा लावला. मला वाटलं, तो आत यायला बघतोय. बशी पुढे ओढतो, दार उघडतो, घरात शिरतो. अरे, सिरिलला आत यायचं असतं तर त्याने दार वाजवलंच नसतं. आपल्याकडे कुणी वाजवत नाही, मग स्वतःच्या घराचं दार माणूस कशाला वाजवेल? स्वतःच्या घराचं दार माणूस एकाच वेळी वाजवतो. आतल्याला बाहेर बोलवायचं असतं तेव्हा.

मी 'हो' म्हणून सही केली. गावाने माझ्यासाठी केक केला, गसने बाजा वाजवला. सगळे हसत होते आणि मीही हसले. पण घरी, म्हणजे ब्राइडच्या घरी आल्यावर खूप रडले. त्याने मला वाचवलं आणि मी त्याला सोडून चाललेय. आता तिथे ना दिवा, ना दार, ना पत्ता. मी पलीकडे गेल्यावर तो कुठे जाईल रे? हे मात्र तुझ्या पाणसळीने सांगता येणार नाही.

मेना


विदरल हार्बर
१४ सप्टेंबर १९९७

ॲम्ब्या,

तू सुखरूप परत पोचलास याचं पत्र मिळालं. लोरेटाला सांग, तिने पाठवलेले पडदे लावले, फार भडक आहेत, पण लावले.

इथे खाडीपलीकडे माझं बरं चाललंय. खोली उबदार आहे, खाली सिमेंट आहे, समुद्र खिडकीतून दिसतसुद्धा नाही. लोक चांगले आहेत, पण सगळे दार वाजवतात! बेलही आहे. पहिले काही दिवस बेल वाजली की मी थेट बाहेर धावायची. आता सवय झाली. ब्राइड वरच्या मजल्यावर आहे. तीसुद्धा आता वाजवते, मेली. इथली रीतच तशी म्हणते.

तू फ्रीज बसवलास तेव्हा किती वेळ गुडघ्यांवर बसून पाय फिरवत होतास ते आठवून हसू येतं. तुझी पाणसळ वर ठेवून गेलास, ती तशीच आहे, तुझी आठवण म्हणून रोज पुसते. बुडबुडा मधोमध. पट्टी चारी बाजूंनी ओढून बघितली, फाटली पण सुटली नाही. पेल्यातलं पाणी सगळीकडून सारखं. हे सगळं आधीच सांगते, म्हणजे तू विचारायला नको.

कारण फ्रीज गार राहत नाहीये.

गेल्या रविवारपासून. सकाळी दार किलकिलं, चार बोटं जातील एवढं. दूध फाटतं. मी कुणाला बोलले नाही. काल उजाडताना जाग आली. अंथरुणातच होते. स्वयंपाकघरातून फ्रीजच्या दिव्याचा पिवळा उजेड पॅसेजमध्ये पडलेला दिसला. मी जराही घाबरले नाही, ॲम्ब्या. इतकं हलकं वाटलं की काय सांगू. जुनी सवय, तोंडातून निघूनच गेलं, "दार लाव रे, सगळा गारवा चाललाय!"

आणि उजेड गेला. दार लागल्याचा आवाज आला. माझ्या चांगल्या कानाने ऐकला मी.

तेव्हा काही उपाय लिहून पाठवू नकोस. फाटू दे दूध. त्याला पत्ता सापडलाय.

तुझी,
मेना